अनाथोथचं शेत

यशयाच्या ४९व्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वर सीयोनेला, म्हणजे यरुशलेमाला, एक अभिवचन देतो. बलवानाच्या तावडीत सापडलेला बंदिवानही सोडवला जाईल, तिच्याशी भांडणाऱ्यांशी तो स्वतः भांडेल आणि तिची मुलं वाचवील. आमच्या मंडळीत ज्या घरात दारू शिरली आहे, ज्या घरातली मुलगी कोणालाही न सांगता निघून गेली आहे, ज्या घरातला मुलगा दिवसचे दिवस खोलीबाहेर येत नाही, त्या घरच्या आईचं पवित्र शास्त्र उघडावं. या ओळींखाली रेघ ओढलेली असते. काही जणींनी समासात मुलाचं नाव लिहिलेलं असतं. माझ्याही शास्त्रात आहे. माझा धाकटा मुलगा दारू पितो. हे वाक्य मी महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत उभी राहून बोलले आहे, त्यामुळे इथे लिहिताना हात अडत नाही.

रेघ ओढणं सोपं आहे. त्या ओळीवर भार टाकून जगणं वेगळं. ते अभिवचन मुळात कोणाला दिलं होतं, कोणत्या वेळी, आणि माझ्या घरापर्यंत ते कोणत्या वाटेने येतं, हे मला नीट पाहावंसं वाटलं, कारण मुलाच्या बाबतीत खोट्या आधारावर उभं राहणं आईला परवडत नाही.

ते अभिवचन बंदिवासातल्या लोकांसाठी आहे. इ.स.पू. ५८६च्या सुमारास नबुखद्नेस्सराच्या फौजेने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि लोकांना बाबेलला नेलं. मागे उरलेलं उजाड शहर यशयाच्या पानांत आईसारखं बोलतं: परमेश्वराने मला टाकलं, तो मला विसरला. त्या तक्रारीला देवाने दिलेलं उत्तर म्हणून अध्यायाचा पुढचा सगळा भाग वाचायचा असतो. तो म्हणतो, एखादी बाई अंगावर पिणाऱ्या लेकराला एक वेळ विसरेल, पण मी विसरणार नाही. तुला मी तळहातांवर कोरून ठेवलं आहे. आणि त्याने शब्द पाळला. इ.स.पू. ५३९मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं आणि यहुद्यांना परतीची वाट मोकळी झाली. फक्त एक गोष्ट आम्ही आया घाईत वाचून पुढे जातो. जे साखळदंडांत गेले, त्यांतले फार थोडे परत आले. परतले ते बहुतेक त्यांची मुलं आणि नातवंडं. अभिवचन पुरं झालं, पण ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांतल्या कित्येकांनी ते पुरं झालेलं पाहिलं नाही.

मग एका शहराला दिलेला शब्द मी माझ्या घरासाठी धरावा का? मी धरते. देव त्या उत्तरात आपला स्वभाव सांगतो, आणि माणसागणिक तो स्वभाव बदलत नाही. जो सीयोनेच्या मुलांना विसरला नाही, तो माझ्या मुलाला रात्री बारा वाजता एसटी स्टँडच्या बाकावर विसरत नसेल. एवढं मी त्या ओळीतून घेते, आणि एवढं घ्यायचा मला हक्क आहे असं मी मानते. त्या अध्यायात तारीख दिलेली नाही. मुलाची इच्छा बाजूला सारून त्याला उचलून आणण्याची हमीही मला तिथे सापडत नाही. त्याच बंदिवासात, त्याच लोकांत बसून यहेज्केलाने १८वा अध्याय सांगितला: बापाचं नीतिमत्त्व मुलाच्या खात्यावर जमा होत नाही, ज्याचा तो जबाबदार, आणि जो वळेल तो जगेल. दोन्ही अध्याय एकाच पवित्र शास्त्रात आहेत. एक उघडून दुसरा मिटायचा, असं मला करता येत नाही.

पण हे दोन्ही धरून चालणाऱ्या आईला माणसं फार बोलतात. कोणी म्हणतं, विश्वास कमी पडला असेल, नाहीतर एव्हाना सुटका झाली असती. कोणी नीतिसूत्रांच्या २२व्या अध्यायातलं, मुलाला लहानपणी योग्य मार्गाचं शिक्षण देण्याबद्दलचं वचन काढतं आणि पुढचं न बोलता आपल्याकडे पाहत राहतं. ज्या बाईचा आधीच रात्रभर डोळा लागलेला नाही, तिच्यावर वचनाचा असा उपयोग करणं मला पाप वाटतं. हे मी सभेतही बोलले आहे. पवित्र शास्त्र आईबापांशी इतकं कठोर वागत नाही. शमुवेल हा हन्नेने रडून मागितलेला मुलगा, मंदिरात वाढलेला, देवाचा आवाज ओळखणारा. त्याची दोन्ही मुलं लाच घेऊन न्याय फिरवत होती. आणि यशयाच्या पुस्तकाचं पहिलंच पान काढा. तिथे देव स्वतः आकाशाला आणि पृथ्वीला साक्षीला बोलावून सांगतो, की मी मुलं वाढवली, लहानाची मोठी केली, आणि ती माझ्यावर उलटली. होशेयाच्या ११व्या अध्यायात तो एफ्राईमाला, म्हणजे इस्राएलाला, हात धरून चालायला शिकवल्याची आठवण काढतो. ज्याच्या संगोपनात खोट काढता येत नाही, त्याचीही मुलं गेली. कोणी मला माझ्या संगोपनाबद्दल विचारलं, की मी ही दोन पानं वाचायला सांगते. मुलं गेल्याचं दुःख ज्याला ठाऊक आहे, त्याच्याचकडे मी रोज सकाळी जाते.

मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप मला आता फार जवळचा झाला आहे. त्याचा मुलगा झटके येऊन पडतो, तोंडाला फेस येतो, कितीदा विस्तवात आणि पाण्यात पडलेला. शिष्यांकडून काही झालेलं नाही आणि भोवती गर्दी जमून शास्त्र्यांचा वाद चाललेला. येशू आधी विचारतो, याला असं किती दिवसांपासून होतंय? डॉक्टर विचारतात तसाच हा प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवात प्रार्थना करायला येणारे लोक तो फार क्वचित विचारतात. बाप सांगतो, लहानपणापासून, आणि दया मागताना ती एकट्या मुलासाठी मागत नाही, सगळ्या घरासाठी मागतो. मत्तयातली कनानी बाई तर मुलगी पछाडलेली असताना दया स्वतःवरच मागते. ज्यांच्या घरात व्यसनी मूल आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आजार एकाच्या शरीरात असतो आणि घरातलं प्रत्येक माणूस पायांचे आवाज ऐकत जगत असतं. पुढे तो बाप म्हणतो, की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. येशू त्याला आधी विश्वास पुरता करून ये म्हणून परत पाठवत नाही. मुलाला हात धरून उठवतो. अर्ध्या विश्वासाने आणलेला मुलगाही तिथे बरा झाला, हे मी विसरू शकत नाही.

ऑगस्टीनच्या आईची, मोनिकेची गोष्ट आमच्यात साक्षींत आणि उपदेशांत खूप सांगितली जाते: आईने बरीच वर्षं अश्रू गाळले आणि मुलगा संत झाला. गोष्ट खरी आहे. पण ऑगस्टीनने स्वतः ‘कन्फेशन्स’मध्ये लिहिली आहे ती याहून कितीतरी खडबडीत आहे, आणि मला ती खडबडीतच उपयोगी पडते.

ऑगस्टीन ३५४ साली उत्तर आफ्रिकेत थागास्ते या गावी जन्मला. आज ते अल्जीरियात आहे. हुशार मुलगा, कार्थेजला शिकायला गेला, विशीच्या आतच एका बाईबरोबर राहू लागला आणि मानी नावाच्या इराणी गुरूच्या पंथात शिरला. मोनिकेने त्याला घरात आपल्या पंक्तीला बसू देणं बंद केलं. मग तिला स्वप्न पडलं. ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे, एक तेजस्वी तरुण येतो, तिचं रडणं ऐकतो आणि सांगतो की नीट पाहा, तू जिथे आहेस तिथेच तोही आहे. ती वळून पाहते तर मुलगा शेजारी उभा. मुलाने त्याचा अर्थ लावला की तूच एक दिवस माझ्याकडे येशील. तिने क्षणही न दवडता त्याला सांगितलं, मला तसं सांगितलेलं नाही. तो जिथे तिथे तू, असं नाही, तू जिथे तिथे तो, असं सांगितलं आहे. त्या स्वप्नानंतर तिने त्याला पुन्हा जेवायला बसू दिलं. त्याचं मत बदललेलं नव्हतं, आणि अजून सुमारे नऊ वर्षं ते बदलणारही नव्हतं. अभिवचन मिळाल्यावर या आईने पहिली गोष्ट कोणती केली, तर न बदललेल्या मुलाचं ताट पुन्हा मांडलं. इथे मी प्रत्येक वेळी थांबते.

ती एका बिशपाकडे गेली होती. माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवून द्या, म्हणून मागे लागली. बिशपाने नकार दिला. तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढला होता आणि त्यांचीच पुस्तकं वाचत वाचत बाहेर पडला होता. त्याने सांगितलं, आता त्याला शिकवायला जाऊ नका, नुसती प्रार्थना करा. ती रडतच राहिली तेव्हा तो वैतागला आणि म्हणाला, की जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा नष्ट होणार नाही. हे वाक्य वैतागून उच्चारलेलं आहे, हे साक्षींत सांगत नाहीत. तिने ते आकाशातून आल्यासारखं झेललं.

आणि मग ३८३ साल. मुलाला रोमला जायचं होतं, तिला तो जायला नको होता. ती कार्थेजच्या बंदरापर्यंत त्याला धरून बसली. त्याने थाप मारली, की एका मित्राला निरोप द्यायचा आहे, वारा सुटेपर्यंत थांबतो. तिला त्याने जवळच्या सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रात्र काढायला लावलं. ती आत रात्रभर रडून मागत होती, की त्याला जाऊ देऊ नकोस. वारा सुटला, गलबत गेलं, सकाळी ती किनाऱ्यावर वेड्यासारखी फिरली. ऑगस्टीन पुढे लिहितो त्याचा आशय असा, की देवाने त्या रात्रीची तिची मागणी नाकारली, कारण तिची नेहमीची मागणी त्याला पुरी करायची होती. रोमहून तो मिलानला गेला, तिथल्या बिशप अॅम्ब्रोझचे उपदेश ऐकले, ३८६मध्ये त्याचं मन वळलं आणि ३८७च्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला. ज्या जाण्याविरुद्ध आईने रात्र जागून काढली, त्याच जाण्यातून सुटकेची वाट निघाली. माझा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीसाठी निघाला तेव्हा नजरेआड जाईल या भीतीने माझा जीव गोळा झाला होता. त्या काळात या प्रसंगाने मला सावरलं. काय मागायचं ते मला ठाऊक आहे. उत्तर कोणत्या रस्त्याने यायचं ते मी ठरवू नये.

पण त्याच पुस्तकात आणखी एक आई आहे. ऑगस्टीनबरोबर पंधराएक वर्षं राहिलेली, त्याच्या मुलाची आई. मिलानमध्ये त्याच्यासाठी चांगल्या घरचं स्थळ पाहिलं गेलं, मोनिकाही त्यासाठी खटपट करत होती, आणि या बाईला आफ्रिकेत परत पाठवलं. मुलगा आदेओदातुस बापाकडेच राहिला. बापाबरोबरच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि दोन-तीन वर्षांत सतराच्या आसपास तो वारला. त्या आईचं नाव ऑगस्टीनने कुठेही लिहिलेलं नाही. तिच्या मुलासाठी तिने काय मागितलं असेल, कोणत्या गावात बसून? मोनिकेसाठी देवाची स्तुती करताना मी आता या बाईसाठीही थांबते. एका आईची प्रार्थना पुरी होत असताना दुसऱ्या आईचं घर मोडू शकतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ही बाई गोष्टीतून वगळलेली मला चालत नाही.

आणि आपल्याकडचीही एक गोष्ट वगळू नये. पहिल्या पिढीतले मराठी ख्रिस्ती, म्हणजे १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी किंवा १८९५ साली घेतलेले नारायण वामन टिळक, यांच्या घरांनी तेव्हा काय सोसलं ते आठवावं. त्यांच्या माणसांच्या दृष्टीने घरातलं माणूसच हरवलं होतं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ती ताटातूट लिहून ठेवली आहे. आम्ही ज्याला सापडणं म्हणतो, त्यालाच कोणाचं तरी घर हरवणं म्हणून रडलेलं आहे. म्हणून मुलासाठी सुटका मागताना ती कशापासून, हे मी देवासमोर स्पष्ट बोलायला शिकले. त्याने माझ्या मर्जीचा मुलगा व्हावं, समाजात माझी मान वर राहावी, हे मी त्या अभिवचनाच्या नावाने मागत नाही. दारूने त्याचं यकृत, त्याची झोप, त्याचं हसणं धरून ठेवलं आहे, ते तिने सोडावं, एवढंच मागते.

सगळ्यांत अवघड पान यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात आहे. बंदिवान रामा या गावी एकत्र करून पुढे नेले जात होते, आणि तिथे इस्राएलाची पूर्वजमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते, ती सांत्वन घेत नाही. लगेच पुढे परमेश्वर तिला रडं आवरायला सांगतो: तुझी मुलं शत्रूच्या देशातून परत येतील. आम्ही प्रार्थनासभेत हे दोन्ही भाग जोडून वाचतो. मत्तयाने मात्र हेरोदाने बेथलेहेमातली तान्ही मुलं मारली तिथे हीच राहेल आठवली आहे, आणि तो रडण्यापाशीच थांबला आहे. पुढचं सांत्वन त्याने तिथे घेतलं नाही. ती मुलं परत येणार नव्हती.

आमच्या महिला मंडळात एक बाई आहेत. त्यांचा मुलगा व्यसनातच गेला. अंत्यविधीला कोणी तरी त्यांना म्हणालं, की प्रार्थना अपुरी राहिली. त्या तरीही सभेला येतात आणि आमच्या मुलांची नावं घेऊन प्रार्थना करतात, माझ्या मुलाचं नाव तर न चुकता. त्यांच्यासमोर मी कधीही म्हणणार नाही, की अभिवचन धरून ठेवलं की मुलगा परततोच. बंड करून उठलेल्या मुलाबद्दल दावीदाने आपल्या सेनापतींना सगळ्या फौजेदेखत सांगितलं होतं, माझ्यासाठी त्या पोराला, अबशालोमाला, जपा. सेनापती यवाबाने जपलं नाही. दावीद वेशीवरच्या खोलीत चढून गेला आणि त्याच्याऐवजी मीच मेलो असतो तर, म्हणून रडला. पवित्र शास्त्राने ते रडणं लपवलेलं नाही आणि दावीदाचा विश्वास कमी पडला असा शेराही त्यावर मारलेला नाही. त्या बाईंचा मुलगा मृत्यूनंतर कोणाच्या हातात आहे, हे मला कोणी विचारलं तर तळहातांवर कोरण्याची ती गोष्ट मी त्यालाही लावते. मुलाचा श्वास थांबल्यावर ते कोरलेलं पुसलं गेलं, असं तिथे लिहिलेलं नाही.

काहींना वाटतं, अभिवचनावर विश्वास आहे तर दवाखाना कशाला. हा विचार घातक आहे. दारू हा आजार आहे, आणि जुन्या पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर हातपाय कापतात, भास होतात, झटके येऊन जिवावरही बेतू शकतं. ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढावे लागतात. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती घरांना व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची नजर मिळाली. अमेरिकेत १९३५ साली दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांना सावरत जी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची चळवळ सुरू केली, तिच्या सभा आज आपल्याकडेही कितीतरी चर्चच्या खोल्यांत भरतात. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. तिथे मला पहिल्यांदा कोणी तरी सांगितलं, की हा आजार तुम्ही आणलेला नाही, तुम्ही तो आवरू शकत नाही आणि बराही करू शकत नाही. मी घरी येऊन पुन्हा यशया उघडला. भांडणाऱ्याशी भांडीन मी, वाचवीन मी, असं तिथे देव बोलतो. त्या दोन्ही ठिकाणी माझ्या खांद्यावरून एकच काम काढून घेतलेलं होतं. तारणारा दुसरा आहे. माझ्याकडे आईचं काम उरतं, आणि ते पुरेसं आहे. मी त्याची बाटली ओतून टाकत नाही, कामावर खोटे निरोप धाडत नाही, त्याच्या हातात पैसे देत नाही. जेवायला वाढते. आला की दार उघडते.

यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातली राहेल पुष्कळांना ठाऊक असते. ३२वा अध्याय क्वचित कोणी वाचतं. यरुशलेमाला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला आहे, यिर्मया राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. भोवतालचा मुलूख शत्रूच्या ताब्यात आणि हा शेत विकायला आलेला. यिर्मया घेतो. सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, सही, शिक्का, साक्षीदार, सगळं रीतसर. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील हा देवाचा शब्द होता, आणि त्या शब्दावरचा विश्वास त्याने असा व्यवहार करून दाखवला. तो स्वतः त्या शेतात राहायला कधी गेला नाही. शहर पडल्यावर लोक त्याला मिसरात घेऊन गेले.

आमच्या एका नातेवाइकांनी सुचवलं होतं, की मंडळीच्या रजिस्टरातून धाकट्याचं नाव काढून टाका, येत तर नाहीच, वर्गणी कशाला भरता. मी काढलं नाही. त्याची मासिक वर्गणी मी भरते, पावती त्याच्याच नावाची घेते. घरातली त्याची कपाटाची फळी त्याचीच आहे. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकांनी येत्या गुरुवारी आम्हा तिघांना बोलावलं आहे. तो येतो म्हणाला आहे. नाही आला, तर मी आणि हे जाणार आहोत.